बेळगावातून समुद्रावर होडी नेताय? मोठ्या जहाजांपासून लांब राहण्याची रीत

गाडीच्या टपावर कयाक (वल्ह्यानं चालवायची लहान, अरुंद होडी) बांधून चोर्ला घाट उतरणारी आपल्याकडची मंडळी आता दिसायला लागली आहेत. कुणी हवा भरायची होडी डिकीत टाकून आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याला जातं, कुणी कारवार गाठतं. हौस चांगलीच आहे. पण आपण सगळे विहिरीत, तळ्यात, नाहीतर मलप्रभेच्या डोहात पोहायला शिकलेले. पाण्याची भीती गेलेली असते. मात्र दोनशे मीटर लांबीचं जहाज किती वेगानं अंगावर येतं, हे आपल्या डोळ्याला ठाऊक नसतं, कारण असं जहाज बेळगाव, खानापूर, निपाणीत बघायला मिळत नाही. कोळ्याच्या पोराला जे लहानपणीच कळतं, ते आपल्याला मुद्दाम शिकावं लागतं. मी ते शिकताना बराच गोंधळलो होतो, म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. जहाजापासून किती अंतर ठेवायचं हे पाण्यात गेल्यावर ठरवायचं नसतं. किनाऱ्यावर असतानाच ते ठरवायचं आणि मग निघायचं.

१. मोठी जहाजं नेमकी कुठे असतात ते समजून घ्या

आपल्याला सगळ्यात जवळचं मोठं बंदर म्हणजे जुवारीच्या मुखावरचं मुरगाव. वास्कोच्या बाजूला धक्के आहेत, समोरच्या बाजूला दोनापावला. कोळसा आणि इतर माल घेऊन येणारी मोठी जहाजं याच मुखातून आत-बाहेर करतात आणि काही बाहेर नांगर टाकून थांबलेली असतात. मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्यांतून मालाचे बार्ज (सपाट तळाच्या मोठ्या बोटी) चालतात आणि कुंभारजुव्याच्या कालव्यानं या नद्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. पणजीसमोर कॅसिनोच्या बोटी आणि फेरीबोटींची गर्दी असते. कारवारला बैतकोलचं बंदर आहे. सिंधुदुर्गाच्या टोकाला रेडी.

कारवारच्या दक्षिणेला नौदलाचा कदंब तळ आहे. तिथे किती अंतर ठेवावं हा प्रश्नच घेऊ नका. तो पट्टा हौशी होडीसाठी नाहीच असं धरून चाला. युद्धनौका वाटेत कुठेही दिसली तरी तिच्या रोखानं वल्हवू नका आणि मोबाइल काढून फोटोही घेऊ नका.

सुरुवातीला तेरेखोल, शापोरा किंवा सदाशिवगडाच्या वर काळी नदीच्या आतल्या पाण्यात हात बसवा. तिथेही मासेमारीच्या बोटी असतात, पण चुकलात तर सावरायला वेळ मिळतो.

२. कागदपत्रं आणि सामान

आपली एक अडचण अशी की बेळगावहून निघालं की तीन राज्यांचे किनारे जवळपास सारख्याच अंतरावर पडतात, आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचं खातं वेगळं. गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स, महाराष्ट्रात आणि कर्नाटकात त्या-त्या राज्याचं मेरीटाइम बोर्ड. एका राज्यात चाललं म्हणून दुसऱ्या राज्यात चालेल असं समजू नका. निघण्याच्या आठवडाभर आधी फोन करून, ज्या किनाऱ्यावरून होडी पाण्यात घालणार त्याचं नाव सांगून विचारा.

बरोबर ठेवा:
- आधार किंवा दुसरं ओळखपत्र, आणि होडीच्या खरेदीची पावती. पाण्याजवळ पोलीस हटकतात तेव्हा ही पावती फार कामाला येते.
- इंजिन असलेल्या होडीची नोंदणी आणि विम्याचे कागद. होडी भाड्यानं घेणार असाल तर मालकाचा परवाना बघायला मागा. बिचकू नका.
- लाइफ जॅकेट, नारिंगी किंवा पिवळं. त्याच्या लेबलवर तरंगवण्याच्या ताकदीचा आकडा न्यूटनमध्ये असतो तो वाचा. ५० न्यूटनचं जॅकेट पोहणाऱ्याला तरंगायला मदत करतं, पण बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवेल याची खात्री देत नाही. मोकळ्या समुद्राजवळ जाणार असाल तर १०० किंवा १५० न्यूटनचं घ्या.
- शिट्टी, जॅकेटलाच बांधलेली. बारा मीटरपेक्षा लहान होडीवर मोठा भोंगा सक्तीचा नाही, पण आवाज करण्याचं काहीतरी साधन असलंच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.
- पांढऱ्या उजेडाची जलरोधक बॅटरी, दिवसा जाणार असलात तरी.
- छोटं होकायंत्र. फोनमधलं नको, ओल्या बोटांनी फोन चालत नाही.
- मोबाइल, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात.
- जहाजांशी बोलायचा व्हीएचएफ रेडिओ असेल तर उत्तमच. आपल्याकडे त्याला परवाना लागतो. आणीबाणीची हाक चॅनेल १६ वर देतात.

निळी किंवा हिरवी होडी आणि तसाच टी-शर्ट फोटोत छान दिसतो, पण पाण्यावर दिसेनासा होतो. वल्ह्याच्या पात्यांना भडक नारिंगी रंग द्या. दुरून माणसाच्या आधी हलणारं पातं दिसतं.

३. जहाज तुम्हाला बघत नाही आणि थांबूही शकत नाही

गळिताच्या हंगामात उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर उतारावरून आला की आपण मुकाट्यानं गाडी बाजूला घेतो. चूक कुणाची याचा हिशोब तिथे कुणी करत नाही. जहाजाशी तसंच वागायचं.

आता आकडे बघू. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार पूर्ण वेगात असलेल्या जहाजानं इंजिन पूर्ण उलटं फिरवलं तर आपल्या लांबीच्या १५ पटीच्या आत थांबावं अशी अपेक्षा असते. २२५ मीटर लांबीच्या जहाजासाठी हे अंतर साधारण ३.४ किलोमीटर होतं. बंदराजवळ वेग कमी असतो, अंतरही कमी लागतं. पण तिथे जहाजाला वळायलाच जागा नसते. दोन्ही बाजूंना उथळ पाणी असतं, त्यामुळे तुमच्यासाठी बाजूला व्हायचं म्हणजे त्यानं गाळात रुतायचं.

दुसरी गोष्ट जहाजाच्या नाळेपुढचा, म्हणजे पुढच्या टोकासमोरचा, आंधळा पट्टा. जहाज चालवणारी माणसं मागच्या बाजूला उंचावर असतात आणि समोर शेकडो फूट डेक, क्रेन, माल. नियमानं हा न दिसणारा पट्टा जहाजाच्या दोन लांब्या किंवा ५०० मीटर, यांतलं जे कमी असेल त्यापेक्षा जास्त असू नये. उलट बाजूनं वाचा: अर्धा किलोमीटरपर्यंत तुम्ही दिसत नसाल आणि तरीही ते जहाज नियमातच असेल. रडारवर विसंबू नका. प्लास्टिकची कयाक आणि रबराची होडी रडारवर जवळजवळ उमटतच नाही. लाटांच्या ठिपक्यांत हरवते.

तिसरी गोष्ट आवाजाची. इंजिन जहाजाच्या मागच्या टोकाला असतं, त्यामुळे समोरून येणारं जहाज आश्चर्य वाटावं इतकं शांत असतं. आवाज आला की बघू, असं कधीही ठरवू नका. दर मिनिटाला मान वळवून मागे बघा. कयाकमध्ये बसल्यावर डोळे पाण्यापासून जेमतेम मीटरभर उंच असतात, त्यामुळे क्षितिज साडेतीन किलोमीटरवरच संपतं.

४. अंतर डोळ्यानं मोजायची सवय घरीच लावा

पाण्यावर झाड नाही, खांब नाही, घर नाही, म्हणून अंतराचा अंदाज हमखास चुकतो. त्यावर जुनी आणि भरवशाची युक्ती आहे. हात पूर्ण लांब करा. अंगठ्याची रुंदी साधारण २ अंश भरते, मूठ १० अंश.

दोनशे मीटरचं जहाज आडवं जाताना मुठीएवढं लांब दिसलं तर ते सव्वा किलोमीटरच्या आत आहे. तीन बोटांएवढं दिसलं तर दोन-सव्वादोन किलोमीटरवर. समोरून येणारं मोठं मालवाहू जहाज बऱ्याचदा ३२ मीटरच्या आसपास रुंद असतं. त्याची रुंदी अंगठ्याआड झाकली जात नसेल तर ते किलोमीटरच्या आत आलंय, आणि तुम्हाला उशीर झालाय.

याची तालीम पाण्यावर करायची गरज नाही. काकतीच्या बाजूला माळावर उभं राहून महामार्गावरून आडवी जाणारी बस बघा. बारा मीटरची बस अंगठ्याआड नेमकी झाकली जाते तेव्हा ती साधारण साडेतीनशे मीटरवर असते. मग फोनवरच्या नकाशात अंतर मोजून ताळा करा. पाच-दहा बसनंतर डोळा बसतो. मुलांनाही हे फार आवडतं.

५. वेळ निवडा

कोकणात तिथीच्या पाऊणपटीनं भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हा हिशोब मुंबईकडचा आहे. गोव्यात भरती त्याआधी येते. कॅलेंडरवरून घरबसल्या अंदाज घ्यायला तो ठीक आहे, पण जहाजांच्या वाटेजवळ जायचं असेल तर मुरगाव किंवा कारवारचा छापील भरती-ओहोटीचा तक्ताच बघा.

यात नवख्यांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. मालानं खोल बुडालेल्या जहाजाला पाणी जास्त लागतं, म्हणून अशी जहाजं बऱ्याचदा भरतीच्या माथ्याच्या आसपासच बंदरात शिरतात. आपल्यालाही तेव्हाच वल्हवायला सोपं वाटतं. नेमका तोच तास टाळा.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीचा ओढ नदीच्या मुखाशी जोरदार असतो. दुपारी खारे वारे सुटले की वारा आत आणि पाणी बाहेर, अशा वेळी मुखावर उभ्या, तुटक लाटा उठतात. सकाळी लवकर निघा आणि अकराच्या आत काठाला लागा. पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, हा विषयच सोडून द्या.

६. जहाज दिसलं की पहिलं काम: टक्कर ठरलेली आहे का ते बघा

सगळ्या लेखात हीच पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

होडीचा रोख एकाच दिशेला स्थिर ठेवा. आता ते जहाज तुमच्या होडीवरच्या कुठल्या खुणेच्या रेषेत दिसतंय ते बघा: एखादा पट्टा, दोरी बांधायचा हूक, काहीही. मिनिटभरानं पुन्हा बघा. जहाज त्या खुणेच्या पुढे सरकलं असेल तर ते तुमच्या पुढून जाणार. मागे सरकलं असेल तर मागून. जागा तीच आणि आकार मात्र वाढत चालला, म्हणजे तुम्ही आणि ते एकाच ठिकाणी, एकाच वेळी पोहोचणार आहात. होकायंत्र असेल तर काम अधिक पक्कं होतं. जहाजाची दिशा २४०, मिनिटभरानं २४०, परत २४० आली तर तिथेच निर्णय घ्या.

फसवणारी गोष्ट अशी की टक्कर होणार असते तेव्हा जहाज हललेलंच दिसत नाही. स्थिर वाटतं, म्हणून माणूस निवांत राहतो. आडवं पळणारं जहाज बघून घाबरायला होतं, खरं तर ते निघून चाललेलं असतं.

याला एक अपवाद ध्यानात ठेवा. जहाज फार मोठं असेल, फार जवळ असेल किंवा मागे काही ओढत असेल, तर दिशा बदलताना दिसली तरी धोका असतो. नाळ तुमच्यापासून सुटेल, पण मागचे दीडशे मीटर अजून यायचे असतात.

निर्णय घेतलात की वळण मोठं घ्या, लवकर घ्या, आणि जहाजाच्या मागच्या टोकाकडे रोख करा. दोन-पाच अंशांचं वळण कुणाला दिसत नाही. थांबून वाट बघणं हासुद्धा चांगला निर्णय आहे.

७. जहाजांची वाट ओलांडताना

मोठ्या जहाजांसाठी खोल केलेली वाट दोन्ही बाजूंच्या बोयांनी (नांगरलेल्या तरंगत्या खुणांनी) दाखवलेली असते. आपल्याकडे समुद्राकडून बंदरात शिरताना लाल बोये डाव्या हाताला आणि हिरवे उजव्या हाताला येतात. बाहेर पडताना उलट. इंटरनेटवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांनी सांभाळा. तिथे रंग नेमके उलटे आहेत.

शक्य असेल तर ही वाट ओलांडूच नका. बोयांच्या बाहेर, उथळ पाण्यात राहा. तुमच्या होडीला अर्धा मीटर पाणी पुरतं, जहाजाला दहा-बारा मीटर लागतं. तिथे ते येऊच शकत नाही. याहून स्वस्त संरक्षण नाही.

ओलांडायचीच असेल तर असं करा:

आधी कडेच्या बोयापाशी थांबा, पण बोयाला होडी बांधू नका. दोन्ही बाजूंना नीट बघा. मग काटकोनात, सगळ्यात कमी अंतरानं, गप्पा न मारता पार व्हा. ग्रुप असेल तर एकमेकांच्या जवळ राहून एकदमच पार व्हा. चार होड्या चार ठिकाणी पसरल्या की जहाजाच्या कप्तानाला कुठूनच वाट राहत नाही.

हिशोब असा मांडा. साधा माणूस कयाक ३ नॉटनं, म्हणजे मिनिटाला ९० मीटरच्या आसपास वल्हवतो. अडीचशे मीटर रुंद वाटेला तीन मिनिटं लागतील. १० नॉटनं येणारं जहाज तेवढ्यात ९०० मीटर पुढे आलेलं असतं. म्हणून मी पाळतो तो नियम असा: जहाज एका सागरी मैलाच्या (१.८५ किलोमीटर) आत असेल तर त्याच्या पुढून जायचं नाही. एका मैलाला त्याला सहा मिनिटं लागतात, म्हणजे आपल्याला लागणाऱ्या वेळाच्या दुप्पट. एखाद्याच्या हातात पेटका आला, वल्हं निसटलं, तर ही उरलेली तीन मिनिटं उपयोगी पडतात. जहाजाच्या बाजूनं आणि मागून किमान ५०० मीटर ठेवा. हे माझे आकडे आहेत. बंदराचा स्थानिक नियम जास्त सांगत असेल तर तोच पाळा.

‘शिडाच्या होडीला इंजिनवाल्यानं वाट द्यायची’ हा नियम बरेच जण अर्धाच ऐकून येतात. टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे आहेत. त्यातला नववा नियम स्पष्ट सांगतो की अरुंद वाटेत २० मीटरपेक्षा लहान होडीनं किंवा शिडाच्या होडीनं, फक्त त्याच वाटेनं जाऊ शकणाऱ्या जहाजाला अडथळा करायचा नाही. तिथे तुम्हाला अग्रहक्क नाही.

८. नांगरावरचं जहाज, टग आणि बार्ज

नांगर टाकलेल्या जहाजावर दिवसा पुढच्या भागात एक काळा गोळा टांगलेला असतो. ते थांबलंय म्हणून जवळ जाऊन फोटो काढावासा वाटतो. जाऊ नका. प्रवाह तुम्हाला त्याच्या नाळेवर आणि नांगराच्या साखळीवर नेऊन आपटू शकतो. होडी आडवी होऊन साखळीला लागली की माणसाच्या ताकदीनं सुटत नाही. जायचंच तर मागच्या टोकाकडून, दोनशे मीटर लांबून. शिवाय भरती-ओहोटी बदलली की जहाज नांगराभोवती फिरतं. सकाळी मोकळी असलेली जागा दुपारी मोकळी असेलच असं नाही.

टग, म्हणजे जहाजं ओढणारी-ढकलणारी छोटी दणकट बोट. टग दिसला की त्याच्या मागे काय आहे ते शोधा. टग आणि मागच्या बार्जच्या मध्ये कधीही घुसू नका. मधला दोर पाण्याखाली असतो आणि ताण आला की क्षणात वर येतो. टग मोठ्या जहाजाला चिकटले असतील तर ते जहाज वळणार आहे. लांब जहाज वळतं तेव्हा नाळ आत येते आणि मागचं टोक बाहेर रुंद फेकलं जातं. आपण नाळेकडे बघत असतो, मार मात्र मागून बसतो.

९. जहाज गेल्यावर येणारी लाट

ती जहाज निघून गेल्यावर काही मिनिटांनी येते, तोवर सगळे परत गप्पांत रमलेले असतात. होडीचं तोंड लाटेकडे, किंचित तिरकं करा, वल्हं पाण्यात ठेवा. उथळ पाण्यात आणि काठाजवळ हीच लाट उभी होते. मांडवीच्या काठाला बार्ज जाताना आधी पाणी ओसरतं आणि मग उसळून परत येतं, तेव्हा मुलांना काठाच्या दगडांवर उभं करू नका.

१०. भोंगे, खुणा आणि दिवे

एक छोटा भोंगा: मी उजवीकडे वळतोय. दोन: डावीकडे. तीन: इंजिन उलटं चालू आहे. पाच किंवा जास्त, भराभर: तुझा विचार काय आहे ते मला कळत नाही. हे पाच भोंगे ऐकू आले तर ते बहुधा तुमच्यासाठीच आहेत असं समजा आणि लगेच त्याच्या वाटेतून बाहेर पडा.

अर्धा पांढरा, अर्धा लाल झेंडा म्हणजे जहाजावर बंदराचा पायलट (वाट दाखवणारा माणूस) आहे, ते आत किंवा बाहेर चाललंय. काळा दंडगोल म्हणजे खोलीमुळे त्याला वाट सोडता येत नाही.

रात्री नवख्यांनी जाऊच नये. उशीर झालाच तर एवढं लक्षात ठेवा: जहाजाचा लाल आणि हिरवा असे दोन्ही दिवे एकदम दिसले तर त्याची नाळ तुमच्यावर रोखलेली आहे. पांढरी बॅटरी आधीच पेटवून दाखवा. ते जवळ येईपर्यंत थांबू नका.

जहाजं दाखवणारी फोनवरची ॲप किनाऱ्यावर बसून अंदाज घ्यायला छान आहेत. पाण्यात त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. माहिती उशिरा येते, आणि युद्धनौका, छोट्या बोटी त्यात दिसतीलच असं नाही.

११. अडकलात तर

होडी उलटली तरी होडी सोडू नका. पालथी होडी माणसाच्या डोक्यापेक्षा लांबून दिसते. शिट्टी, उजेड, आणि दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली. व्हीएचएफ असेल तर चॅनेल १६. फोन लागत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४, नाहीतर ११२. आधी जागा सांगा, मग माणसं किती ते. ‘दोनापावलाच्या समोर, लाल बोयाजवळ’ असं सांगितलं तरी शोधायला पुरतं.

निघण्याआधी घरी किंवा उतरलात त्या हॉटेलवर एक चिठ्ठी ठेवा: कुठून निघालो, कुठे जाणार, होडीचा रंग, किती जण, किती वाजता परत. गोव्यात किंवा कारवारला ही चिठ्ठी वाचणाऱ्याला मराठी येईलच असं नाही, म्हणून वेळ आणि फोन नंबर इंग्रजी आकड्यांतही लिहा. परत आल्यावर ज्याच्याकडे चिठ्ठी दिली त्याला आठवणीनं सांगा, नाहीतर तो विनाकारण शोध सुरू करेल.